हाक्याची बाजू

डॉक्टर लेनमध्ये, मेडिकलच्या दोन दुकानांत चेपलेलं
माझं ऑफिस: हज, काशी, दुबई, आणि अलीकडे थोडं युरोप.
डॉ. विश्वंभर भुरके ओपीडी संपवून आले,
बोटांना अजून प्लास्टरचं पांढरं.
म्हणाले, रोमानिया. सप्टेंबर. शिकारीला.
मी पंखा एकनं वाढवला.

असली ट्रिप माझ्याकडून कुणी कधी मागितली नव्हती.
तीन रात्री मेल लिहिले.
तिकडून ग्रिगोरे नावाचा वाटाड्या उत्तरं धाडायचा,
मोजकी, जंगलात बोलावं तशी.
सांबर सप्टेंबरात माजावर येतं, पहाटे डुरकतं.
चढ उभा आहे, गुडघे कसे आहेत?
(डॉक्टर हसले. आठवड्याला दहा गुडघे बदलणारा माणूस.)
वाटाड्या दोन पावलं पुढे चालेल.
तो थांबला की थांबायचं.
तो म्हणेल तेव्हाच चाप.

मग दरपत्रक आलं.
शिंगांच्या वजनावर दर,
मोंढ्यात हळदीचा निघतो तसा.
आणि तळाशी बारीक अक्षरात:
जनावर जखमी होऊन निसटलं
तर ते मेलं असं धरून पूर्ण रक्कम.
ती ओळ डॉक्टरांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.
"रक्त दिसलं की बिल," म्हणाले. "बरोबर आहे."

मी हिशोब मांडत होतो. व्हिसा, विमा, भाड्याची बंदूक,
लोकरी मोजे, शिंगं आणायचा परवाना
(मिळेलच असं नाही, आधीच सांगून टाकलं),
आणि मनातल्या मनात माझं कमिशन.
स्कूटीचं इंजिन त्यात बसत होतं.

तेव्हा त्यांनी विचारलं,
तिकडे हाका असतो का?

रानडुकरांसाठी असतो, ग्रिगोरेनं कळवलं, पण नोव्हेंबरात.
वीस माणसं, काठ्या, कुत्री.
हाकेवाल्यांना नारिंगी जाकिटं. प्रत्येकाचा विमा.
दुपारी गरम सूप.

"सूप," डॉक्टर म्हणाले,
आणि बराच वेळ काहीच नाही.
बाहेर एक ॲम्ब्युलन्स टीं टीं करत मागे येत होती.

मग किनवटकडचं सांगितलं,
पेशंटला एक्स-रे समजावतात त्या आवाजात.
आजा हाक्याला जायचा. पैनगंगेच्या अंगाला, सागवानात.
घासलेटचा रिकामा डबा आणि एक दांडकं.
साहेब हैदराबादचा, मचाणावर, थर्मास घेऊन.
गोळी अस्वलाच्या मांडीला लागली.
अस्वल बंदुकीकडे कशाला जाईल?
ते डब्याकडे आलं.
हाड सांधलं, पण वाकडं.
चार रुपये हाली सिक्का आणि एक घोंगडी मिळाली.
घोंगडी पुष्कळ वर्षं टिकली.

"त्या हाडावर मी शिकलो.
पोरपणी बोट फिरवायचो त्याच्या नडगीवरून.
जोडताना कुठं चुकलंय, ते सातवीतच कळलं होतं.
आजा म्हणायचा, मव्हं काय नाय रे,
डबा चेपला, त्येचं वाईट वाटतंय."

फॉर्म त्यांनी पुढे ओढला.
सप्टेंबर खोडून नोव्हेंबर केला.
शस्त्राच्या रकान्यात लिहिलं: डबा.
पत्र्याचा. तिकडे मिळत नसेल तर इथून नेऊ.

हे मेलमध्ये कसं घालावं मला कळेना.
शेवटी लिहिलं, साहेबांना पैसे भरून हाक्यात उभं राहायचंय,
वय पंचावन्न, गुडघे उत्तम.

उत्तराला चार दिवस लागले.
हाकेवाल्याकडून आम्ही पैसे घेत नाही, ग्रिगोरेनं लिहिलं,
देतो. दिवसाचे ठरलेले. पावती मिळेल.
जाकीट कुठल्या मापाचं?

मी फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते.
सिस्टरला म्हटलं, बाहेर आले की एवढं विचारून ठेवा,
छाती किती.

स्कूटी अजून ढकलूनच सुरू होते.