सामायिक वारा

महापे, तिसरा मजला, एसीचं पाणी बादलीत पडतंय.
माझ्या पडद्यावर खाडी आहे, खाडीकाठी मुलगी,
तिची वेणी, वाळत घातलेलं जाळं, एक शिडाचं होडकं.
तिघांच्या तीन स्क्रिप्ट.
तिघांना वारा हवा.

वेणीच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं: वारा = ०.४
वेणी हलली.
जाळं ढिम्म.
जाळ्याला वाऱ्याचं विचारलं
तर लाल अक्षरांत उत्तर: वारा कोण?

नियमच आहे तसा. एकीचं दुसरीला कळत नाही.
चाळीत भिंतींना कान तरी असतात.
फ्रेम सरली की स्क्रिप्टच्या पोटातलं सगळं पुसलं जातं,
सेकंदाला चोवीसदा
कोरी होऊन उठते.

शाळेत याला चल म्हणायचे. चल, म्हणजे बदलतं ते.
स्थिर म्हणजे आमच्या मोडकसरांचं मत:
"वारा जरा कमी कर."
मी दोन ठिकाणी कमी केला, तिसरं विसरले.
रात्रभर रेंडर होऊन सकाळी आलं ते असं,
वेणी शांत, जाळं शांत,
होडकं एकटंच वादळात.

मग एक रिकामी वस्तू केली.
आकार नाही, रंग नाही, सावलीसुद्धा पडत नाही.
कॅमेऱ्यामागे उभी केली
आणि तिच्या गळ्यात एक आकडा बांधला.
तिन्ही स्क्रिप्टना सांगितलं, आपापलं काही ठेवू नका,
इथे या, वाचा, जा.
सातबाऱ्यावर सामायिक विहीर लिहितात, तशी.

सामायिक विहिरीचं जे होतं तेच झालं.
सकाळी पाहते तर वारा उलटा.
उणे ०.४.
मी अधिक केला. दुसऱ्या दिवशी परत उणे.
माझ्या खुर्चीवर रात्रपाळीला रोहिदास भोईर बसतो,
जाताना खुर्ची उंच ठेवून जातो, एवढीच ओळख.
खुर्ची मी रोज खाली करायची, वारा रोज सुलटा.
आठवडाभर भांडलो आम्ही,
शब्द एक नाही, नुसती चिन्हं.

शेवटी आकड्याशेजारी दोन तिरक्या रेघा मारून
संगणक वाचत नाही अशी ओळ लिहिली:
वाऱ्याला हात लावू नये. तिघी वाचतात.

सकाळी खाली उत्तर होतं.
मॅडम, शॉट चौदा रात्रीचा आहे.
रात्री मतलई. जमिनीवरून खाडीकडे.
दिवसा खारा, खाडीकडून घराकडे.
बाप माझा घणसोलीच्या खाडीत जायचा,
रात्री निघताना होडी ढकलायला लागायची नाही.
तुमच्या वाऱ्यावर ती जायच्या आधीच परत येईल.

भूगोलाच्या पेपरात हे मीही लिहिलंय, दोन गुणांना.
खारे वारे, मतलई वारे, आकृती काढा.
बाणांची टोकं पाठ होती.

आता वारा आम्ही कोणीच लिहीत नाही.
तो सूर्याला विचारतो. सूर्य चौथ्या स्क्रिप्टमध्ये असतो.
सूर्य क्षितिजाखाली गेला की चिन्ह आपोआप बदलतं,
पण लगेच नाही,
मध्ये चाळीस फ्रेम शून्य.
ती रोहिदासची भर. खाली त्याची ओळ:
संध्याकाळी वारा पडतो मॅडम, बघा कधी खिडकी उघडून.

आमची खिडकी उघडत नाही, काच बसवलेली आहे.
म्हणून आज सातला खाली उतरले.
टपरीवर स्टोव्हचा धूर सरळ वर चालला होता,
पिंपळाचं एक पान हलत नव्हतं.
पलीकडे कोणी हेल्मेट काढत होता, चांगला उंच.
तोच असेल. विचारलं नाही.

निघताना खुर्ची वर करून आले होते,
चार बोटं,
अंदाजाने.