जोडणी नाही

वायफायचं कार्ड स्क्रू काढून बाहेर घेतलं
आणि पेटीच्या जुन्या रीड ठेवतो त्या डबीत टाकलं.
पितळी पट्ट्यांत ते हिरवं, नखाएवढं,
अजून कुणाला तरी हाक मारेल असं वाटत होतं.
डबीला रबर लावलं.

इंदुताई खळदकरांची अट एकच:
"गाईन. पण मी हो म्हणेपर्यंत
हा आवाज या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही."
वय एक्याऐंशी. धनकवडी, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
मी पेट्या दुरुस्त करणारा माणूस, मला अट कळते.
भात्याला भोक नसावं, एवढंच तर असतं पेटीचंही.

पहिलं सॉफ्टवेअर देखणं.
लाकडी कडा, थरथरत्या सुया,
उघडलं की म्हणे, आधी खातं काढा.
एकदाच जोडा, फक्त एकदाच.
जामीन राहा म्हणताना
भावानंही हाच शब्द वापरला होता.

दुसरं दर तीस दिवसांनी
दारात उभं करून ओळख विचारणारं.
म्हणजे एकतिसाव्या दिवशी ताईंची तान आत
आणि मी बाहेर, चपला हातात घेऊन.

तिसरं फुकट. पण त्याला एक फाइल हवी,
त्या फाइलला दुसरी, दुसरीला तिसरी,
मानपान राहिलेल्या व्याह्यांसारख्या
एकेक रुसून बसलेल्या.
पेनड्राइव्ह खिशात घालून बुधवार पेठेत
शाकीर तांबोळीच्या दुकानात सात खेपा घातल्या.
सातव्या खेपेला तो म्हणाला,
"काका, लावा की नेट पाच मिनिटं. कोण बघतंय?"

कोणी नाही बघत, शाकीर.
म्हणूनच तर.

हिंजवडीहून भाची मिथिला फोनवर हसली:
"मामा, अख्खं जग क्लाउडवर ठेवतंय."
ठेवू दे.
मला एका आवाजापुरतं कपाट हवंय,
ज्याची किल्ली सुताराकडे राहिलेली नाही.

चौथं शेवटी शाकीरनंच काढलं कुठल्याशा जुन्या डिस्कमधून.
करड्या रंगाचं, पोस्टाच्या खिडकीचं रूप.
नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही,
एक लाल ठिपका दाखवून गप्प बसलं.

दोष होताच. गायलेलं कानात परतायला केसभर उशीर,
पूर्वी ट्रंककॉलवर आपलंच हॅलो
आपल्याला भेटायचं, तसा.
तीन रात्री बफरचा आकडा हलवत बसलो,
रीड घासतो तसा: एक घास, मग कान, पुन्हा एक घास.
कमी केला की लाह्या फुटायच्या,
वाढवला की सूर स्वतःच्याच मागे राहायचा.
दोनशे छप्पनवर जमलं.
आणि ताईंनी हेडफोन हातात घेतला, उलटसुलट पाहिला,
परत दिला.
"माझाच आवाज मला कशाला ऐकवतोस?
ऐकतेय की मी."

गुरुवार होता, म्हणजे विजेचा भरवसा नव्हता.
यूपीएस उशाशी घेऊन बसलो.
चार वाजून गेल्यावर त्यांनी मुलतानी लावला.
खालच्या मजल्यावरचा कुकर आला त्यात,
कात्रजच्या बसचा हॉर्न आला,
आणि अंतऱ्याच्या तोंडाशी
चाळीस सेकंद काहीच आलं नाही.
पडद्यावरची रेघ सरळ चालत राहिली,
रात्रीच्या रिकाम्या रस्त्यासारखी.
मी थांबवलं नाही.

"गेलं कुठं हे आता?"
"कुठंच नाही. इथंच आहे."
त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. खरंच पाहिलं.
मग चष्मा पदरानं पुसत,
"अंतरा हरवला रे. पुन्हा घे.
पण तो हरवलेला पुसू नकोस,
तोही माझाच आहे."

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं: जोडणी नाही.
उजव्या हातानं लाल ठिपका दाबला,
डाव्यानं भाता उघडला.