अजून

लोबोबाई फळ्यावर लिहितात: स्टिल. येट.
माझगावची रात्रशाळा, साडेआठ,
पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून आम्ही.

"स्टिल वाक्याच्या पोटात, क्रियापदाला चिकटून.
येट बहुतेक नकारासोबत, अगदी शेवटी.
चालू आहे ते स्टिल,
व्हायचं राहिलंय ते येट."

वहीत दोन्हींपुढे मी लिहिलं: अजून.
आणि पेन अडलं.

उद्या बॅलार्ड पियरला, कंपनीच्या साहेबापुढे
कुठलं म्हणू?
हे बोटीवर अजून आहेत,
की बोटीवरून अजून उतरले नाहीत?

"एकच की दोन्ही," शेजारची हलीमा म्हणाली.

एक कसं, बाई?
पहिल्यात दर महिन्याला पगार येतो.
दुसऱ्यात नुसती मी,
वाक्याच्या टोकाला,
पूर्णविरामाला पाठ टेकून.