बोट वर होण्याआधी

रुवीतल्या टायपिंग सेंटरात
मी करारांची भाषांतरं करतो, पानाला दीड रियाल.
मत्रहच्या एका भाटिया शेठजींच्या नातवाने
एकदा पणजोबांची ट्रंक आणून आदळली टेबलावर:
वाळवीने अर्धा खाल्लेला खटला, सन अठराशे एक्याऐंशी.
बतेला बुडाला. खजूर गेला. सात खलाशी गेले.
मालकातर्फे बॅरिस्टर ऑगस्टस पेनहॅलो.

त्याचा फोटोही निघाला.
पांढरी विजार, मिशीला मेण,
बॅट धरलीय छत्रीसारखी,
पाऊस येईलच अशा खात्रीने,
आणि पाठीमागे मस्कतचा काळा उघडा डोंगर.

दुभाष्याने उत्तरं मोडीत टिपलीत.
(मोडी मला वडिलांनी शिकवली, भूमापन खात्यात होते.)
साक्षीदार झिलू तारी, राहणार वेंगुर्ला, वय अंदाजे.
पोती किती होती?
माका मोजूक येना नाय. पण पाणी फळयेक लागलेला.
मोजता येत नाही, तरी जास्त होती म्हणता?
पुढे कोरी जागा.
मग अंगठा, जरा सरकलेला,
ओल्या फळीवरून पाय सरकावा तसा.

मालक निर्दोष सुटला.
त्याच तारखेच्या समासात, बारीक अक्षरात:
"संध्याकाळी वाळूवर सामना. साहेबांच्या बॅटीची कड लागली,
कोणाला ऐकू आली नाही.
पंचाने बोट वर करण्याआधीच साहेब तंबूत परतले.
गोरे लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते.
झिलू चेंडू आणून देत होता."

पेनहॅलो त्याच उन्हाळ्यात तापाने गेला.
त्याच्या थडग्याकडे रस्ता नाही, बोटच लागते.
बलुची नावाड्याने इंजिन बंद करून विचारलं,
तुमचं कोण इथे?
मी म्हटलं, विरुद्ध बाजूचे वकील.
नाव खाऱ्या वाऱ्याने पुसलं होतं.
मी बोटाने चाचपून पाहिलं,
एक अक्षर लागलं, तेही नक्की नाही.

शुक्रवारी पहाटे वाडीच्या कोरड्या पात्रात
आमचा सामना असतो, टेपचा चेंडू, स्टंपांऐवजी प्लास्टिकचे क्रेट.
गुडघ्यामुळे मी पंच.
काल तुफैलच्या बॅटीची कड लागली.
पाण्याचा टँकर चालवतो तो, तीन महिने पगार नाही.
मी ऐकली. बहुधा त्यानेही.
तो हलला नाही, बुटाकडे बघत राहिला.
परतायला त्याला तंबू तरी कुठे होता,
एका खोलीत अकरा खाटा, अन् बाहेर बावन्न अंश उतरत नाहीत.

सगळे माझ्याकडे बघत होते.
माझा हात खिशात,
खिशात षटक मोजायचे खडे,
चार सरकवलेत की पाच, आठवेना.
मोजूक येना नाय, असं काहीतरी
माझ्या तोंडून निघालं,
आणि यष्टिरक्षक, केरळचा, म्हणाला,
क्या बोला, अंपायर साब?