वर्तुळातला एच

पावाच्या कारखान्यासाठी आकृती काढते आहे.
गोल कोपऱ्यांचे चौकोन: मळणं, फुगणं, भाजणं,
एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा,
आणि बाण.
वीज गेली की सगळं टाकून
बाहेरच्या रिकाम्या चौकोनात येऊन उभं राहायचं.
आली की परत.
परत कुठे, एवढाच प्रश्न.

त्यासाठी एक चिमुकलं वर्तुळ, आत एच.
तिथे मुक्काम कुणाचाच नसतो.
जिन्याखाली किल्ल्या सांभाळत बसलेल्या बाईसारखा तो
फक्त सांगतो, तू शेवटचा कुठे होतास.

बाचाना विचारतो, दर वेळी काळ्या ठिपक्यापासूनच
सुरू केलं तर? सोपं पडेल.
बाचाना दोन हजार चारचा.

ग्लदानीत आम्ही आठव्या मजल्यावर.
ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज न सांगता जायची
आणि यायची तेव्हा सगळ्या बाल्कन्या ओरडायच्या,
आली! आली!
की मागील पानावरून पुढे चालू:
वरची मझिया यंत्रावर, त्याच बाहीवर.
ओतारकाका विजेचा वस्तरा घेऊन
उरलेल्या अर्ध्या गालाकडे.
रेडिओ भलत्याच वाक्यात शिरायचा.
लिफ्टला तर काहीच आठवायचं नाही.
सातव्या-आठव्याच्या मध्ये अडकलेली,
पाण्याच्या बादलीसकट ओतारकाकांना घेऊन
थेट तळाला.
ये रे माझ्या मागल्या.
त्यांच्या शिव्या आठव्यापर्यंत ऐकू यायच्या.

बाबा अंधारातच निघाले, रोस्तोवला, कामाला.
आई त्यांचा दुसरा शर्ट इस्त्री करत होती,
वीज गेली ती तशीच राहिली, खटका चालू.
पहाटे वीज आली.
इस्त्री होती तिथूनच पुढे.

त्या शर्टाची आईने फडकी केली.
एक अजून आहे, त्यावर तपकिरी होडी.

म्हणून भाजण्याला मी एच देत नाही.
भट्टी थांबली तर पाव बाहेर काढा, पहिल्यापासून.
मळण्याला द्यायचा.
फुगण्याचं उद्या, कणकेशी बोलून.

आणि हा तारा कशाला, बाचाना विचारतो,
एचच्या डोक्यावरचा?
नुसता एच खोलीपर्यंत सोडतो, म्हटलं.
तारा असला की खुर्चीपर्यंत,
खुर्चीतल्या पुस्तकापर्यंत,
ओळीवर ठेवलेल्या बोटापर्यंत.

बाबा सात वर्षांनी आले, संध्याकाळी.
न बघता कोट अडकवला, खिळा तोच होता.
मग बोलता बोलता
हात दाराच्या डावीकडे गेला, दिव्याच्या बटणाला.
बटण आम्ही मधल्या काळात उजवीकडे घेतलं होतं.
बोलत राहिले ते, रस्त्यात बर्फ किती होता वगैरे,
आणि हात भिंत चाचपत राहिला,
वर, जरा खाली, पुन्हा वर.
आई बघत होती.
तिने सांगितलं नाही.
दिवा मी लावला.

बाचानाने आकृती पुसून पुन्हा काढली आहे.
नीट काढली आहे, तारासुद्धा.
फक्त एचमधून एक बाण बाहेर लागतो,
कधीच कुणी आत गेलेलं नसेल,
सांगायला काहीच नसेल,
तर कुठे जायचं त्याचा.
तो राहिला, म्हटलं.
त्याने पेन्सिल उचलली,
आणि विचारलं, कुठे नेऊ?