देठ सुटल्यावर

पाणी गुडघ्याखाली उतरलंय.
नुर्जाती वाकून चालते, कमरेला टोपली, हातात सळई.
शिंपले, समुद्री काकडी, एखादा खेकडा,
जे निघेल ते.

वाकाटोबीच्या या उथळात
तिचे पाय प्रवाळ ओळखतात:
हा फांद्यांचा, जपून;
हा मेंदूसारखा, वळ्यावळ्यांचा, यावर उभं राहता येतं;
आणि हे वाळूवर सुटे,
भूछत्राची टोपी कुणी उलटी ठेवावी तसे,
मधोमध तोंडाची एकच चीर,
कशालाच न चिकटलेले.

लहानपणी यालाही देठ असतो,
ती मुस्तामला सांगायची होडीत.
मग एक दिवस देठ सुटतो.
मरत नाही रे. तिथून पुढं चालायला लागतो.
मुस्ताम हसायचा. दगड कुठं चालतात?

ती स्वतः होडीतच जन्मली.
कागद करताना कारकुनानं विचारलं, जन्मगाव?
ती म्हणाली, दोन बेटांच्या मधे,
वारा मागून होता.
त्यानं एका गावाचं नाव लिहून टाकलं.
त्या गावात ती अजून गेलेली नाही.

आता सासऱ्यानं रचलेल्या प्रवाळाच्या ढिगावर
खांब, खांबांवर घर,
फळ्यांच्या फटीतून खाली भरती दिसते.
मुस्ताम तावाउला, तेलताडाच्या मळ्यात.
काल फोनवर म्हणाला,
आई, इथं कायमचा पत्ता मागतात.
मग रेंज गेली.

कुणाच्या तरी नांगरानं उलथवलेला एक
समोर पडलाय, पांढरं पोट वर.
एका हातानं सरळ करता आला असता.
ती सळई टेकून बघत राहिली, मग निघाली.

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणतो आपण, वाया.
हा पालथा पडला की पाणीच पितो,
अंग फुगवतो, एका कडेला भार देतो,
थांबतो,
पुन्हा पितो.
रात्रभर चालतं हे. कुणी बघत नाही.

सकाळी ती तिथंच आली, टोपली रिकामी.
तो उताणा होता, चीर आकाशाकडे,
खाचाखाचांतून वाळू बाहेर टाकत,
अजून दमलेला वाटावा असा.
शेजारी वीतभरावर, काल तो होता तिथं,
वाटोळा खळगा, त्यात पाणी,
पाण्यात एक बोटाएवढा मासा
जागा आपलीच असल्यासारखा.

मुस्तामला हे सांगायचं, तिनं ठरवलं.
पत्त्याचं नंतर बघू.