भरावाचा हिशेब

एर्मेलिंदा म्हणाली, विहीर बुजवायची.
वर लॉन, पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी.
माती किती लागेल?

मी दोरी सोडली, गाठी मोजल्या.
तोंड अडीच मीटर, खोली आठ.
म्हणजे एकोणचाळीस घनमीटर, वर चिमूटभर.
वजन मात्र मातीच्या मनावर असतं:
कोरडी तांबडी घनमीटरला तेराशे किलो,
भिजलेली सतराशेच्या घरात,
चिऱ्याचा चुरा मध्येच कुठेतरी, आडमुठा.
बाबा एक बादली भाजीवालीच्या काट्यावर तोलायचे,
मग मूठ वळायचे.
ढेकूळ टिकलं तर आकड्याला पाव चढवायचे.
मी अजून तेच करते.
कॅलक्युलेटर गिऱ्हाइकाला दाखवायला.

एक्कावन्न टन.
पिकअपच्या हौद्यात फूटभरच भरायची,
त्याच्या वर गेलं की मार्कुस चावी खिशात घालून बसतो.
छत्तीस खेपा, सां पेद्रोच्या धक्क्यावरून.
फेरीवरचा गुणो पावती वाचत नाही,
टायरचे फुगलेले गाल बघतो
आणि हात करतो: तू मधोमध.

पंप सुरू होता तेव्हा तिने विचारलं,
आणि हे पाणी?
पाण्याचं सोपं, म्हटलं. घनमीटरला एक टन.
पाच मीटर आहे, साडेचोवीस टन.
एवढं आम्ही दोरीने ओढलं?
एवढं नाही गे. हे फक्त आजचं.
तिने पाइप उचलून केळींकडे वळवला.

मी सांगितलं होतं, माती बसते.
शंभराची नव्वद होते, कधी पंच्याऐंशी.
वर उंचवटा ठेवू.
तिला सपाट हवं होतं, खुर्च्या डुगडुगतात म्हणून.

यंदा फोन आला.
लॉनमध्ये खळगा,
परातीसारखा गोल,
टेप लावली तर नेमका अडीच मीटर.
मधोमध हातभर खोल, तळाला पाणी.
चार खुर्च्या काठावर, तोंडं आत करून.

दोन खेपांत भरेल, म्हटलं.
थांब, ती म्हणाली. आत बेडूक आहे.
पाहुणे फोटो काढतात.
शिवाय सकाळी मीच तिथे बसते,
चहा घेऊन, सवयीने.

चहा मलाही मिळाला.
वहीत लिहिलेल्या दोन खेपा
मी खोडल्या नाहीत.
माती अजून बसायची आहे.